आमची वाटचाल : लघवी न अडवणारी चड्डी विकायची कशी?

आमच्या धंद्याची, म्हणजे लघवी-शीवर ताबा नसलेल्यांनी पाण्यात घालायच्या चड्ड्यांची, सुरुवात एका फजितीतून झाली आणि ती फजिती माझीच होती, त्यामुळे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर शिंकलं, खोकलं, जोरात हसलं की मला थोडी लघवी व्हायची. कित्येक वर्षं पॅड लावून ढकललं, घरात कुणाला पत्ता नव्हता. मग एकदा सगळे मिळून सुट्टीला गेलो, उतरलो तिथे पूल होता, पोरं हात धरून ओढतायत, नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून मी कॉस्च्युमच्या आत पॅड तसंच ठेवून पाण्यात उतरले. दोन मिनिटांत ते असं फुगलं की मांड्यांच्या मध्ये ओली उशी धरून उभी आहे असं वाटायला लागलं, आणि शिडीवरून वर येताना त्याची कड फाटली आणि पायावरून बारीक काचेच्या मण्यांसारखं पण लिबलिबीत असं काहीतरी ओघळायला लागलं. माझ्या जाऊबाई काठावर होत्या, त्यांनी एक शब्द न बोलता टॉवेल फेकला. रात्री मात्र खोलीत येऊन विचारलंच, "किती वर्षं झाली हे?"

जाऊबाई नर्स. वॉर्डात असले पेशंट रोजचे, त्यामुळे त्यांना लाज वगैरे काही नाही. त्यांनीच मला सांगितलं की पॅडमध्ये आणि डायपरमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची पावडर असते, ती साधं पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पिऊ शकते. लघवीत क्षार असतात म्हणून ती त्यात बरीच कमी फुगते, समुद्राच्या पाण्यातही कमीच फुगते, पण पूल काय आणि लघवी काय, तिला फरक कळत नाही. पाण्यात उतरल्या उतरल्या तिचं पोट भरतं, मग लघवीसाठी जागाच उरत नाही. वर पॅड फाटलं की तो सगळा लगदा पूलच्या फिल्टरमध्ये.

तेव्हा आमचं शिवणकामाचं छोटं युनिट होतं, ३ मशीन, त्यातलं एक ओव्हरलॉक, खेळाचे कपडे शिवायचो. मी म्हटलं सोपं आहे, पॅडच्या वरून वॉटरप्रूफ कापड शिवू, म्हणजे बाहेरचं पाणी आत येणार नाही. किती हुशार मी! कमरेच्या इलास्टिकमधून पाणी आत येतंच आणि एकदा आलं की मग बाहेर जात नाही. जाऊबाईंनी ती चड्डी बाथटबमध्ये बुडवून वर उचलली तर ती पाण्याने भरलेल्या बादलीसारखी लोंबत राहिली, खाली धार नाही काही नाही, आणि आम्ही दोघी तिथे जमिनीवर बसून हसतोय (हसताना मला परत झालीच).

त्या दिवशी आम्हाला जे कळलं त्यावरच आजचा धंदा चालू आहे. पाण्यात घालायची चड्डी लघवी अडवूच शकत नाही. ती शोषणारी ठेवली तर फुगते, आणि न शोषणारी ठेवली तर लघवी हळूहळू पाण्यात मिसळते. ती थांबवू शकते ती शी, तीही घट्ट असली तर. म्हणून आमच्या चड्डीत शोषणारं काहीच नाही. आत मऊ जाळीदार कापड, बाहेर पीयूएल, म्हणजे मागून पॉलियुरेथेनचा पातळ थर चिकटवलेलं कापड, आणि मांडीला व कमरेला चोख बसणारं इलास्टिक. ही आत घालायची, वरून नेहमीचा कॉस्च्युम किंवा सैल शॉर्ट्स, शक्यतो गडद रंगाचे.

आता हे गिऱ्हाईकाला कसं सांगायचं? पहिल्या पहिल्या फोनमध्ये एक काका होते, प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन काही महिने झालेले, उठताबसता थेंब थेंब गळती चालू. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "मग बाई, मी ही घ्यायची कशाला?" मी म्हटलं, नका घेऊ. शीवर कंट्रोल आहे ना, मग उतरायच्या आधी लघवी करा, गडद रंगाची शॉर्ट घाला, बाहेर आल्याबरोबर कोरडं व्हा आणि पॅड लावा, एवढ्यावर तुमचं भागेल. ते गप्पच झाले, त्यांना वाटलं असणार ही बाई धंदा करायला बसलीय का समाजसेवा. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांनी आमच्याकडे चार गिऱ्हाइकं पाठवली, ज्यांना खरंच गरज होती.

याच्या उलट एक ठोक व्यापारी आला होता, मोठी ऑर्डर, आमच्या ३ मशीनना झेपेल की नाही अशी. अट एकच, बॉक्सवर १०० टक्के लीकप्रूफ छापायचं. आम्ही दोन दिवस झोपलो नाही, पैशाची गरज होती हो, खोटं कशाला बोलू. शेवटी जाऊबाई म्हणाल्या की ज्या माणसाने आधीच दहा वर्षं भीतीने पाण्यात पाय टाकला नाही त्याला आपण चारचौघांत उघडं पाडणार का. ऑर्डर गेली. त्याने नंतर दुसऱ्याकडून तसाच माल घेतला असं ऐकलं, त्याचा राग आजही आहे, लपवत नाही.

जुलाबाचं तर आम्ही बॉक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहितो. जुलाब होत असतील तर कुठलीही चड्डी घालून पूलमध्ये उतरायचं नाही, आमचीसुद्धा नाही. पातळ शी कडेकडेने बाहेर येतेच, चड्डी तिला फार तर काही मिनिटं थोपवेल. आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे तो क्लोरीन व्यवस्थित टाकलेल्या पूलमध्येही ७ दिवसांपेक्षा जास्त जगू शकतो. डॉक्टरांनी तोच सांगितला असेल तर जुलाब थांबल्यावरही २ आठवडे थांबायचं असतं. सुट्टी फुकट जाते हे मान्य, पण त्या पाण्यात दुसऱ्याची लहान मुलं असतात.

लघवीचं तेवढं भयंकर नाही, तरी पाण्यात गेली की क्लोरीनशी तिचं जमत नाही. दोन्ही मिळून क्लोरामाइन नावाची रसायनं तयार होतात, डोळे झोंबतात ते त्यांनीच, आणि पूलचा जो वास आपण क्लोरीनचा म्हणून ओळखतो तोही बराचसा त्यांचाच. म्हणून आधी संडासला जाऊन या आणि साबण लावून आंघोळ करून उतरा. (ज्यांना काहीच आजार नाही आणि तरी पाण्यात खुशाल सोडतात त्यांच्याबद्दल माझी मतं वेगळी आहेत, इथे लिहिण्यासारखी नाहीत.)

बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो, मी तर लघवी करून उतरलो होतो मग वीस मिनिटांत परत कशी लागली? त्यांना वाटतं आजार वाढला. तसं नसतं. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पाण्याचा दाब हातापायातलं रक्त छातीकडे ढकलतो, शरीराला वाटतं आत पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं जास्त लघवी करायला लागतात. पाणी गार असलं तर आणखीच. हे धडधाकट माणसालाही होतं, फक्त तो धरून ठेवू शकतो. त्यामुळे आमचं सांगणं असं की लागेपर्यंत वाट बघू नका, घड्याळ लावून दर अर्ध्या तासाने बाहेर या आणि जाऊन या. आणि लोक काय करतात, पोहायचं म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत! त्याने लघवी घट्ट होऊन मूत्राशयाला जास्त चुरचुरते, बद्धकोष्ठ झालं तर वेगळाच दाब येतो. पाणी प्या, चहा कॉफी आणि दारू तेवढी पोहून झाल्यावर.

शीचं वेळापत्रक मात्र मी शिकले ते एका ताईंकडून, त्यांच्या मिस्टरांना मणक्याची इजा झालेली. घरी त्यांची सकाळची वेळ पक्की बसवलेली होती, पण फिरायला गेल्यावर उशिरा उठणं, उशिरा खाणं, सगळं कोलमडलं आणि दुसऱ्याच दिवशी पूलच्या काठावर गडबड झाली. पुढच्या सुट्टीला त्यांनी घरचीच वेळ धरली, सकाळी खाल्ल्यावर आतडी आपोआप हलतात त्याचा फायदा घेतला, पोट साफ झाल्यावरच पाण्यात, आणि चड्डी तरी होतीच. त्या म्हणाल्या की चड्डीपेक्षा घड्याळाने जास्त काम केलं. मला जरा लागलं पण खरं आहे.

चुका आमच्याही झाल्या. पहिल्या ४० चड्ड्यांचं इलास्टिक काही आठवड्यांतच ढिलं पडलं, कारण क्लोरीन स्पॅन्डेक्सला, म्हणजे इलास्टिकमधल्या ताणणाऱ्या धाग्याला, खातं आणि मी स्वस्तातलं उचललं होतं. सगळ्या बदलून दिल्या. मग मापाचा गोंधळ. लोक कंबर सांगतात, गळती होते मांडीतून. मांडीचा घेर बसल्यावर वाढतो, उभं राहून मोजलं तर बसल्यावर इलास्टिक रुततं आणि सैल घेतलं तर फट राहते. आता आम्ही दोन्ही मापं विचारतो आणि फोनवरच टेप घेऊन बसायला लावतो. धुण्याचंही तसंच. वापरून झाल्याबरोबर साध्या पाण्यातून काढा, सॉफ्टनर नको, इस्त्री तर मुळीच नको, ड्रायरच्या गरम हवेने पीयूएलचा थर सुटतो.

आणि एक किस्सा, ज्याने आमचा बॉक्स बदलला. एक आजोबा खोलीतूनच आमची चड्डी घालून निघाले, म्हणाले तिथे बदलायची कटकट नको. तासाभराचा गाडीचा प्रवास. चड्डी शोषत तर काही नाही, त्यामुळे सीट भिजली, जावई शेजारी बसलेले. त्यांनी फोनवर मला जे ऐकवलं ते बरोबरच होतं, कारण आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं की ही फक्त पाण्यापुरती आहे. आता लिहितो: प्रवासात नेहमीचा डायपर, पूलजवळच्या संडासात शेवटच्या क्षणी बदला, पाण्यातून बाहेर आलात की परत डायपर. मध्ये अंग धुवून नीट टिपून घ्या, ओल्या कापडात बसून राहिलं की कातडी लाल होते, समुद्रावर तर इलास्टिकच्या कडेला वाळू अडकून सोलवटतं. क्रीम लावायचं तर पातळ, जाड थापलं की ते डायपरला चिकटतं आणि मग डायपर शोषत नाही. ओली चड्डी ठेवायला आम्ही उरलेल्या पीयूएलची पिशवी शिवून देतो, ती वस्तू आम्ही सहज म्हणून सुरू केली आणि आज लोक नुसती पिशवीही मागतात.

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असलेल्यांचे फोन येतात, त्यांना आम्ही सरळ डॉक्टरांकडे पाठवतो, त्यात आमचं डोकं चालवत नाही.

जाऊबाईंच्या हट्टापायी प्रत्येक बॉक्समध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाचा कागद असतो. डॉ. आर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये ज्याबद्दल लिहिलं तोच व्यायाम, लघवी धरल्यासारखं आवळायचं, सोडायचं, रोज, काही महिने. मी आधी म्हटलं आपल्याच मालाच्या विरोधात कागद कशाला घालायचा. मग मीच करून बघितला, साधारण चौथ्या महिन्यात लक्षात आलं की शिंकले आणि काहीच झालं नाही. सगळ्यांना एवढा फरक पडतोच असं नाही, पण मला पडला. म्हणजे कंपनीची मालकीणच आता गिऱ्हाईक राहिली नाही.

आज ७ मशीन आहेत. सध्या काम चालू आहे ते व्हीलचेअरवरच्या लोकांसाठी बाजूने उघडणाऱ्या चड्डीचं, आडवं झोपूनच बदलता यावी अशी. वेल्क्रो लावून बघितलं, पाण्यात सुटतं. आता प्रेस बटणं लावलीत, दोन बटणांच्या मधून अजून थोडी फट राहते. काल संध्याकाळी जाऊबाई परत त्याच बाथटबशी बसल्या होत्या, मोबाइलवर टायमर लावून.