बटईचा पैसा

मार्च २०२३ चा तिसरा आठवडा. जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा संप चालू होता, शाळा बंद होत्या, आणि अवकाळी पावसाने आमच्या भागात गव्हाची पार माती केली होती. सकाळी साडेनऊला मी ऑफिसच्या गेटवर पोहोचले तेव्हा साठ-सत्तर माणसं आधीच उभी होती. जाफराबाद, भोकरदन, देऊळगाव राजाकडची. चेहऱ्याने मी त्यातल्या निम्म्यांना ओळखत होते, आणि खात्यावरच्या आकड्याने सगळ्यांना.

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी हिशेब सांभाळते. एकोणीस वर्षं झाली. कंपनी एका कुटुंबाची. मोठ्या शेठना आम्ही सगळे भाईजी म्हणतो. मिरची, टोमॅटो, काकडी यांचं संकरित बियाणं आम्ही शेतकऱ्यांकडून शेडनेटमध्ये तयार करून घेतो. दहा गुंठ्यांच्या नेटमध्ये बाया सकाळपासून खाली वाकून मादीच्या फुलातले पुंकेसर काढतात आणि नराचे परागकण लावतात. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. बी काढून कंपनीत आलं की त्याची जीओटी होते, म्हणजे थोडं बी पेरून त्याची शुद्धता बघतात. लॉट पास झाला की पैसे. करारात ४५ दिवस लिहिलेले होते. पैसे मिळायला सात-आठ महिने लागत होते.

हे मी मोकळेपणाने लिहितेय कारण त्यात माझा हात होता. दुकानदारांना आम्ही हंगामभर उधारीवर माल द्यायचो आणि ती उधारी शेतकऱ्यांचे पैसे थांबवून चालायची. बँकेच्या कर्जाला व्याज पडतं, शेतकऱ्याच्या थकबाकीला पडत नाही. फोन आला की "पुढच्या आठवड्यात बघते" हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन, देव जाणे.

त्या दिवशी गेटवर गर्दी का झाली, तर आदल्या दिवशी स्थानिक पेपरात चार ओळींची बातमी होती: कंपनी मुंबईच्या एका प्रायव्हेट इक्विटी फंडाला, म्हणजे पैसेवाल्यांचा पैसा गोळा करून कंपन्या घेणाऱ्या आणि काही वर्षांनी विकणाऱ्या फंडाला, विकली जाणार. बोलणी गुप्त ठेवायची असं सगळ्यांनी सही करून मान्य केलेलं होतं, तरी फुटलीच. खरं तर व्यवहार अजून व्हायचा होता. फंडाची तीन माणसं दोन आठवड्यांपासून आमच्या वरच्या खोलीत बसून वह्या, बिलं, करार तपासत होती.

"ताई, कंपनी विकली म्हंतेत. आमच्या पैशाचं कसं?" पुढे उभ्या असलेल्या आजींनी विचारलं. त्यांचे एक लाख चाळीस हजार अडकलेले होते, ते मला न बघता सांगता आलं असतं.

मागून कोणीतरी म्हणालं, "आता मालक कोन हाय, ते सांगा आधी. नवा मालक म्हनंल, जुनं देनं आमचं न्हाई."

ही भीती खोटी नाही. आणि मी स्वतःही आदल्या रात्री झोपले नव्हते. अमेरिकेतल्या टॉईज आर अस या खेळण्यांच्या दुकानांच्या कंपनीबद्दल वाचत बसले होते. २००५ मध्ये केकेआर, बेन कॅपिटल या अशाच फंडवाल्यांनी आणि एका तिसऱ्या कंपनीने मिळून ती सुमारे ६.६ अब्ज डॉलरला घेतली. बराचसा पैसा कर्जाचा, आणि ते कर्ज फेडायचं खेळण्यांच्या कंपनीनेच. २०१७ मध्ये दिवाळखोरी, २०१८ मध्ये अमेरिकेतली दुकानं बंद, तीस हजारांहून जास्त लोकांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्याकडे शेअर विकत घ्यायला बँकांनी कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेची बंधनं तेव्हा वर्षानुवर्षं होती, म्हणून तसल्या जातीचे सौदे इथे कमी दिसायचे, हेही वाचलं होतं. पण त्याने झोप येत नाही.

भाईजी खाली आले नाहीत. फंडाचे साहेब आले. पन्नाशीचे, आधी बँकेत असलेले, मराठी मुंबईची पण स्वच्छ. त्यांनी सगळ्यांना गोदामात बसवायला सांगितलं आणि स्वतः बारदानाच्या थप्पीवर बसले. मी वही घेऊन शेजारी.

"मालक कोण" याचं उत्तर त्यांनी सरळ दिलं नाही, कारण सरळ उत्तर नव्हतंच. ते म्हणाले, हा फंड म्हणजे एक ट्रस्ट आहे. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, २०१२ च्या नियमांखाली नोंदलेला, दुसऱ्या कॅटेगरीचा. त्यात पैसा घालणारे वेगळे. विमा कंपन्या, मोठी घराणी, परदेशातले पेन्शन फंड. एकेकाने किमान एक कोटी घालावेच लागतात, म्हणून साधा माणूस त्यात थेट येत नाही. आणि तो पैसा कुठे लावायचा हे ठरवणारी वेगळी कंपनी. ती चार भागीदारांची, त्यातले एक साहेब स्वतः. या चौघांना स्वतःचेही पैसे घालावे लागतात, पण नियमाने फंडाच्या अडीच टक्के किंवा पाच कोटी, जे कमी असेल तेवढेच.

"म्हणजे पैसा एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा," मागून आवाज आला.

हे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, संपामुळे त्या दिवशी मोकळे होते. त्यांच्या बायकोच्या नावावर दहा गुंठ्यांचं नेट.

"हो," साहेब म्हणाले. "पैसा देणारे रोजच्या कारभारात पडत नाहीत. फारच बिनसलं तर पैशाच्या हिशेबाने ७५ टक्के लोक एकत्र येऊन फंड गुंडाळू शकतात. एरवी निर्णय आमचा."

"परदेशातले पेन्शन फंड म्हणजे कुणाची पेन्शन?"

साहेबांनी पुण्याच्या सह्याद्री हॉस्पिटलचं उदाहरण दिलं. तिथे आधी एव्हरस्टोन नावाच्या फंडाचा पैसा होता. २०२२ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने ती हॉस्पिटलं घेतली. गुरुजी क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "आम्ही इथं पेन्शनसाठी संपावर, आणि तिकडच्या मास्तरांच्या पेन्शनीतून पुण्यात दवाखाने." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते मनापासून चकित झालेले दिसत होते.

मग फीचा विषय निघाला, तोही गुरुजींनीच काढला. साहेबांनी या धंद्यातली रीत सांगितली: फंडाच्या रकमेवर दरसाल साधारण दोन टक्के खर्चापोटी, आणि पैसेवाल्यांना ठरलेला परतावा, बहुतेक ठिकाणी आठ टक्के, मिळाल्यावर नफ्यातला पाचवा हिस्सा भागीदारांना.

"मग तुम्ही ऑर्गनायझर झालात की!"

गोदामात एकदम कुजबुज झाली, कारण हे सगळ्यांना कळलं. आमच्या धंद्यात कंपनी आणि शेतकरी यांच्यामध्ये गावागावात ऑर्गनायझर असतो. पैसा कंपनीचा, नेट शेतकऱ्याचं, आणि कोणाला प्लॉट द्यायचा, कोणाला उचल द्यायची हे ऑर्गनायझर ठरवतो. त्याचं कमिशन ठरलेलं, लॉट चांगला पास झाला तर वर बक्षिशी. प्लॉट बुडाला तर शेतकऱ्याची वर्षाची मेहनत जाते, ऑर्गनायझरचं एक गाव जातं. साहेबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. फक्त आमचा प्लॉट म्हणजे अख्खी कंपनी."

फंड हा प्रकार मी त्या आधी दोन आठवडे इंग्रजी कागदांमधून समजून घेत होते. गुरुजींनी तो एका शब्दात जागेवर आणून ठेवला.

जालन्याला बाहेरचा पैसा नवा नाही. बद्रीनारायण बारवालेंनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी काढली, त्या महिकोत १९९८ मध्ये मोन्सँटो या अमेरिकेतल्या मोठ्या बियाणे कंपनीने २६ टक्के हिस्सा घेतला. तिकडे वाळूजच्या एन्ड्युरन्स या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत २०११ मध्ये ॲक्टिस हा फंड आला आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आपला हिस्सा विकून बाहेर पडला. ती कंपनी आज उभी आहे, वाढली आहे. पण त्या २०१६ च्या विक्रीतून कंपनीच्या तिजोरीत रुपयाही आला नव्हता, कारण ते जुन्या भागधारकांचेच शेअर होते. बियाण्याची मोठी कंपनी येते ती राहायला. फंड येतानाच जायची तारीख घेऊन येतो. आमच्याकडे येणारा फंड २०१९ चा, मुदत दहा वर्षांची, फार तर दोन वर्षं वाढवून.

"म्हणजे बटई," गुरुजी म्हणाले. "तीन-चार सालाच्या बटईनं जमीन घेतलेला माणूस ऊस लावंल, कापूस लावंल, आंबा नाही लावत. तुमी नव्या वाणाचं काम करतान का?"

माझ्या मते त्या दिवसातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच होता. मिरचीचा एक नवा संकरित वाण बाजारात आणायला सात-आठ वर्षं सहज जातात. साहेबांचं उत्तर असं: आमच्यानंतर जो विकत घेईल तो तयार होत असलेल्या वाणांचेच पैसे देईल, म्हणून संशोधन कापणं आम्हालाच परवडणार नाही. तर्काला धरून होतं. मला ते पूर्ण पटलं नाही, आणि पुढे जे झालं त्यावरून दोन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या ठरल्या. भाजीपाल्याच्या वाणांवरचा खर्च वाढला. कापसाचं काम मात्र बंद झालं, आणि त्यातले दोन जुने पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणारे, घरी बसले. त्यातल्या एकांनी मला पहिल्यांदा नर-मादीच्या ओळी कशा राखतात हे दाखवलं होतं.

पण थकबाकीचं काय, हे राहिलंच होतं. आजी अजून तिथेच बसून होत्या.

तेव्हा साहेबांनी जे सांगितलं ते मला आधीच माहीत असायला हवं होतं. व्यवहारात कंपनीची किंमत ठरते, त्यातून कर्ज वजा होतं आणि उरलेले पैसे विकणाऱ्याच्या हातात पडतात. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा बघतो आणि तेवढी रक्कम कापून घेतो, अगदी तसंच. फंडाच्या तपासनिसांनी शेतकऱ्यांची ४५ दिवसांपुढची सगळी थकबाकी नेहमीच्या देण्यातून उचलून कर्जाच्या रकान्यात टाकली होती. म्हणजे तेवढी रक्कम भाईजींच्या हातात येणाऱ्या पैशातून कापली जाणार, आणि ती शेतकऱ्यांना चुकती झाल्याशिवाय शेवटच्या सह्या नाहीत.

मी वही मिटली. एकोणीस वर्षं ही रक्कम मी "देणी" या सदरात लिहीत आले, आणि ती कर्जच आहे हे मुंबईहून आलेल्या तिशीतल्या पोराने ओळखलं. त्यात दया-माया नव्हती. त्याला किंमत कमी करून घ्यायची होती. पण आजींचा हिशेब त्याने बरोबर मांडला, मी नाही.

दुपारी भाईजींनी मला वर बोलावलं. ते फार दुखावलेले होते. "ह्या लोकांच्या तीन-तीन पिढ्या आपल्याकडे आहेत, त्यांना मी बुडवलं असतं का?" नसतं बुडवलं, हे मला ठाऊक होतं. दुष्काळाच्या सालात, २०१६ ला, त्यांनी कित्येकांची उचल माफ केली होती. मी एवढंच म्हणाले, "भाईजी, बुडवलं नसतं. पण थांबवलं तर होतं." ते बराच वेळ खिडकीतून गोदामाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "यादी काढा."

यादी काढायला दोन दिवस लागले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे खात्यावर गेले. व्यवहार जूनमध्ये झाला. आता दर महिन्याला मला मुंबईला एक तक्ता पाठवावा लागतो, त्यात शेतकऱ्यांच्या देण्याचे दिवस असा एक वेगळा रकाना आहे. तो मी मागून घेतला. ४५ च्या वर आकडा गेला की तिकडून फोन येतो. दुकानदारांच्या उधारीवरही लगाम आला, त्यात काही जुनी दुकानं तुटली, त्याचं वाईट वाटतं.

मे महिन्यात नवीन हंगामाचे करार करायला गुरुजी आले. सही करायच्या आधी त्यांनी विचारलं, "ताई, २०२९ ला ही मंडळी जाणार. तव्हा आमचं नेट, आमचा लॉट मधातच असला तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी साहेबांना फोन लावला, दोन दिवस मेल झाले, वकिलांनी शब्द बदलले, आणि करारनाम्यात एक कलम वाढलं: कंपनीची मालकी कोणाकडेही गेली तरी पास झालेल्या लॉटचे पैसे ठरल्या दिवशी, आणि उशीर झाल्यास व्याजासह. गुरुजींनी ते दोनदा वाचलं, बायकोला वाचून दाखवलं, आणि सही तिने केली.