कोर्दोबा, सव्वा तासात

कानातलं यंत्र खरखरायला लागलं की समजायचं, आपण मागे पडलो. स्पेनच्या सहलीत ही एक गोष्ट मी पक्की शिकले. पुढे पिवळी छत्री उंचावून गाइडबाई, मागे आम्ही अडतीस जण, आणि तिचा आवाज थेट आमच्या कानात. थोडं अंतर पडलं की वाक्यं तुटतात, आणखी पडलं की नुसती खरखर. गळ्यातला तो डबा म्हणजे गुराच्या गळ्यातली घंटाच; फक्त इथे ती गुरालाच ऐकू येते.

कोर्दोबाच्या मेझकितेत, म्हणजे तिथल्या जुन्या मशिदीत, मात्र मी मुद्दामच मागे पडले.

बाहेरच्या उन्हातून आत आलं की आधी काही दिसत नाही. मग खांब दिसायला लागतात, आणि संपतच नाहीत. ८५६ आहेत म्हणे. अमीर अब्द अल-रहमानने ७८५च्या सुमारास ही मशीद बांधायला घेतली, ती रोमन आणि त्यांच्यानंतर इथे राज्य केलेल्या व्हिसिगॉथ लोकांच्या इमारतींचे जुने खांब गोळा करून. आपल्याकडे वाडा पाडला की त्याचे खांब नव्या घरात लावतात ना, तसंच. पण खांब पडले बुटके, आणि छत तर उंच हवं. म्हणून कमानीवर आणखी एक कमान चढवली, लाल विटा आणि फिक्या दगडाच्या पट्ट्यांची. ज्या देखण्या कमानींचे जगभर फोटो निघतात, त्या मुळात अशा अडचणीतून निघालेल्या. मला हे फारच आवडलं.

मी खांब मोजायला घेतले. चाळिसाव्यावर खांद्यावर टपली बसली. टूर मॅनेजर.

"काकू, सदतीस."

"नाही रे, चाळीस."

तो माणसं मोजत होता.

पुढे खांबांच्या त्या रानात अचानक उजेड फुटतो आणि भलंमोठं कॅथेड्रल उभं राहतं. १२३६मध्ये शहर ख्रिस्ती राजाकडे गेलं. १५२३मध्ये मशिदीचा मधला भाग पाडून हे बांधायला काढलं. परवानगी देणारा सम्राट पाचवा कार्लोस नंतर ते पाहून हळहळला, असं सांगतात. मीही हळहळावं की त्या घुमटाकडे बघत राहावं, हे ठरत नव्हतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, कानातली खरखरही थांबली होती. तेवढ्यात स्वच्छ मराठी कानात आलं, "मंडळी, बाथरूमला जायचं असेल तर आत्ताच."

बाहेर संत्र्यांचं अंगण. झाडापासून झाडापर्यंत दगडात कोरलेले पाट, थेट आमच्या कोकणातल्या सुपारीच्या बागेसारखे. संत्री लगडलेली, पण कडू. गाइडबाईंनी मार्मालेडचं सांगितल्यावर आमच्यातल्या एका काकूंनी मान हलवली. "कशाला? लोणचं घालायचं." त्यावरून गूळ किती घालायचा, यावर तिघीचौघींची अशी चर्चा रंगली, की मायमोनिडिसच्या पुतळ्यासाठी राखलेली दहा मिनिटं तिथेच गेली. हा थोर ज्यू तत्त्वज्ञ इथलाच, आणि त्याच्या पुतळ्याचा पाय लोक हात लावून लावून चकचकीत करतात. आमचा हात राहिला.

मग पळत पळत बस. अडतीस भरले. ग्वादलक्विव्हिर नदीवरचा रोमन पूल बसमधूनच बघा, असं मॅनेजर म्हणाला. डावीकडचे सगळे "अहाहा" करत उठले. मी उजवीकडे होते. माझ्या खिडकीत पेट्रोल पंप होता.