१८ इंची खुर्ची

ताईंना जाऊन आता वर्ष होईल. मी फिजिओथेरपिस्ट झाले कॉलेजात, पण व्हीलचेअर कशी द्यायची हे त्यांनी शिकवलं, आणि त्याच्याही आधी कधी द्यायची नाही ते.

पेठ तालुक्यातलं शिबिर होतं. नाशिकहून सावळघाट ओलांडून पोचलो, तर आलेल्या सगळ्या खुर्च्या एकाच मापाच्या, सीट १८ इंच. पहिलाच मुलगा विशीतला, आंब्यावरून पडून कमरेखालचं सगळं गेलेलं. फोटोवाला तयार. ताईंनी टेप लावला, बसल्यावरची रुंदी १४ इंच.

"ही आज द्यायची नाही."

"अहो ताई, दारात आलेली खुर्ची परत नेता का?" त्याची आई रडवेली झाली. मलाही वाटलं, काहीच नसण्यापेक्षा बरी की.

ताईंनी त्याला बसवूनच दाखवलं. दोन मिनिटांत तो डावीकडे कलला. म्हणजे सगळा भार एकाच बाजूच्या बैठकीच्या हाडावर. मग त्यांनी तळवा वर करून बोटं त्या हाडाखाली सरकवली आणि मलाही तसंच करायला लावलं. बोटांची टोकं अर्धा सेंटिमीटर वरखाली हलली तर ठीक. हलत नाहीत पण सहज निघतात, तर धोका. माझी तर ओढूनही निघेनात. कातडीला संवेदना नाही, त्यामुळे तिथे जखम होतेय हे त्याला कळणारच नव्हतं. अशी जखम हाडापर्यंत गेली की जीवावर बेतते.

घरी तो हवा भरलेल्या ट्यूबवर बसायचा. ती ताईंनी पहिल्यांदा बंद केली; रिंगणाच्या कडेवर दाब येतो आणि मधल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो.

मग मापं. रुंदी अंगासरशी, दोन्हीकडे मिळून फार तर इंचभर मोकळी. सीटची खोली पाठीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत, त्यातून दोन बोटं वजा; नाहीतर कड पोटरीला लागते, माणूस पुढे घसरतो आणि माकडहाडावर बसतो. पायटा, म्हणजे पाय ठेवायची पट्टी, उंच झाला की गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि भार पुन्हा मागेच. या मापाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. उशीला खाली कडक फोम, बैठकीच्या हाडांपुरता खळगा कोरून, वर मऊ थर. नुसता सोफ्याचा फोम जाड दिसतो, पण महिन्याभरात बसतो. रेक्झिनचं कव्हर नको, घाम धरतं आणि ताणत नाही.

१४ इंची खुर्ची तीन आठवड्यांनी मिळाली. बोटं हलेपर्यंत ताईंनी खळगा तीनदा कोरला. दर अर्ध्या तासाने पुढे वाकून छाती मांड्यांवर टेकवायची, दोन मिनिटं तसंच राहायचं, हे त्याच्याकडून आणि आईकडूनही करून घेतलं. रोज रात्री आरशात कातडी बघायची. लाल डाग दाबून पांढरा पडत नसेल, किंवा कातडी काळी असल्याने लाली दिसत नसेल पण हाताला गरम, कडक लागत असेल, तर डाग जाईपर्यंत त्यावर बसायचं नाही.

गेल्या महिन्यात उशी बदलायला मी एकटीच गेले. जुना फोम उलटा केला, तर खाली स्केचपेनने ताईंच्या अक्षरात तारीख. हात तिथेच थांबला. मग दिसलं, डावीकडचा खळगा उजवीपेक्षा जास्त दबलाय. नवा फोम बाजूला ठेवला आणि आधी टेप काढला.