डोळ्यांतल्या पाण्याला बरगे

गेल्या उन्हाळ्यात रंकाळ्यावर फिरायला गेलो की वाऱ्याने माझे डोळे घळाघळा वाहायचे, आणि तरीही निदान झाले ते कोरड्या डोळ्यांचे. पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथी तुंबल्या की अश्रूंवरचा तेलाचा पापुद्रा विरळ होतो, खालचे पाणी भराभर उडून जाते, डोळा चुरचुरतो आणि ती चुरचुर शमवायला अश्रुग्रंथी एकदम लोट सोडते, जो गालावर ओघळून वाया जातो. शिवाय खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटे बसवले, तेव्हा ती जेमतेम ६ मिलिमीटर भिजली. १० च्या खाली म्हणजे मूळचे पाणीही कमीच.

औषधाच्या दुकानातून आणलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब मी दिवसातून दहा वेळा घालत होतो. त्यातले बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे टिकाऊपणासाठीचे रसायनच इतक्या वेळा गेल्यास डोळ्याला जाचते, हे मला फार उशिरा कळले. मग त्या रसायनाविना येणाऱ्या छोट्या कुप्या, रोज पापण्यांना गरम शेक, सूज उतरवायला थोडे दिवस स्टेरॉइड (डोळ्यातील दाब वाढू शकतो, म्हणून थोडेच) आणि ०.०५ टक्के सायक्लोस्पोरिन दिवसातून दोनदा. हे शेवटचे झोंबते फार आणि गुण यायला काही महिने लावते.

मला घाई होती ती प्लगची. पापणीच्या नाकाकडच्या टोकाला सुईच्या अग्राएवढे छिद्र असते, तिथून अश्रू नाकात उतरतात. ते सिलिकॉनच्या बुचाने बंद करायचे. डॉक्टर म्हणाले, ‘आधी सूज उतरू दे.’ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला भर पावसात कोणी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालत नाही, पूर ओसरल्यावरच घालतात. सुजलेल्या डोळ्यातले दाहक पाणी अडवण्यातही तसाच तोटा आहे.

दिवाळीनंतर खालच्या दोन्ही पापण्यांत प्लग बसले. बधिर करणारा थेंब, चिमटा, दोन मिनिटे. प्लग टिकत नसेल तर छिद्र डाग देऊन कायमचे बुजवतात. बुबुळाला जखमा होऊ लागल्या तर पापण्या कडेने थोड्या शिवतात. अगदी निरुपाय झाल्यास खालच्या ओठाच्या आतल्या लाळग्रंथी पापणीत रोवतात, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती वर्णन करण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

मार्चमध्ये टॉवेलने डोळा चोळताना डावा प्लग निघून पडला. नव्यासाठी पुढच्या सोमवारी जायचे आहे.