निळ्या पडद्यावरचा एरर कोड दर वेळी वेगळा, तर आधी रॅम तपासा: जुन्या डेस्कटॉपचा माझा अनुभव

मशीन दुसऱ्या पिढीच्या कोअर आय-थ्रीचं, डीडीआर-थ्री रॅमच्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. काम करता करता निळा पडदा यायचा आणि वाचायच्या आत मशीन पुन्हा सुरू व्हायचं. म्हणून पहिलं काम ‘सिस्टम प्रॉपर्टीज’मध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडून ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढण्याचं. मग पडदा थांबून राहतो आणि कोड टिपता येतो.

कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’. कोड तोच आणि सोबत ड्रायव्हरच्या फाइलचं नावही तेच येत असेल, तर संशय त्या ड्रायव्हरवर. कोड असे बदलत राहिले, तर बहुधा हार्डवेअरच बिघडलेलं असतं. विंडोजच्या नोंदवहीतल्या, म्हणजे ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधल्या ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीवरून मात्र एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलायला धावू नये. मशीन नीट बंद न होता सुरू झालं, एवढंच ती सांगते.

अशा वेळी बरेच जण थेट फॉरमॅट मारतात किंवा चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारी विंडोजची सोय) चालवतात. हा क्रम मला धोक्याचा वाटतो. डिस्कवर जाणारा डेटा रॅममधून जातो. रॅम सदोष असेल तर दुरुस्ती करता करता चांगल्या फाइलीही बिघडू शकतात. बॅकअपलाही हेच लागू, म्हणून डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली आणि फोटो-कागदपत्रं तिथून उतरवून घेतली.

मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. यात एकसुद्धा एरर चालत नाही, आणि इथे तर लाल ओळी आल्या. प्लग काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, कॅबिनेटच्या धातूला हात लावला आणि पट्ट्या उपसल्या. सोनेरी दातांवरून पांढरा खोडरबर हलकेच फिरवायचा, रबराचा चुरा झटकायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. कोकणासारख्या दमट हवेत कधी कधी एवढ्यानेच काम भागतं. इथे भागलं नाही. एकेक पट्टी एकटी ठेवून दोन्ही स्लॉटमध्ये तपासली. एरर पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब, स्लॉटपाशीच राहिली तर मदरबोर्ड. माझ्याकडे एक पट्टी दोन्हीकडे नापास झाली, दुसरी दोन्हीकडे पास.

बदली पट्टी घेताना नीट बघावं: डेस्कटॉपची लांब पट्टी, १.५ व्होल्ट, वेग जुन्या पट्टीएवढा. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या पट्ट्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत.

नवी पट्टी मेमटेस्टमध्ये पास झाल्यावरच विंडोजला हात लावला. आधी चेकडिस्क, मग विंडोजच्या फाइली दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड: ‘डिझम’चं ‘रिस्टोरहेल्थ’ आणि शेवटी ‘एसएफसी स्कॅननाऊ’. एसएफसी चांगल्या प्रती ज्या साठ्यातून घेतं, तो साठा डिझम दुरुस्त करतं, म्हणून हा क्रम.

कॅबिनेट उघडलंच होतं, तेव्हा बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही बदलला. तो उतरला की तारीख मागे जाते आणि ब्राउझर प्रमाणपत्राची तक्रार करतो. काही बोर्डांवर साटाची (डिस्क ज्या पद्धतीने जोडलेली असते तिची) सेटिंगही एएचसीआयवरून आयडीई या जुन्या पद्धतीवर जाते आणि ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. तेव्हा डिस्क गेली असं न समजता आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ती सेटिंग पाहावी.