पीसीओएस आणि माझ्या रात्रीच्या जेवणाची वेळ

पीसीओएस, म्हणजे अंडाशयांचं आणि संप्रेरकांचं काम बिघडवणारा विकार, याचं निदान झालं तेव्हा मी २६ वर्षांची होते. पाळी कधी ४७ दिवसांनी, कधी ६१ दिवसांनी यायची, आणि हनुवटीवर राठ केस उगवू लागले होते. निदानासाठी तीन गोष्टी पाहतात: पाळीतली अनियमितता, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत खूप छोट्या छोट्या पुटिकांनी भरलेले दिसणारे अंडाशय. यांतल्या दोन असल्या, आणि थायरॉइडसारखी इतर कारणं नाहीत याची खात्री झाली, की पीसीओएस म्हणतात. माझ्यात तिन्ही होत्या. तेव्हाच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "वजन तेवढं कमी करा." माझा बीएमआय २२ होता, म्हणजे उंचीच्या मानाने वजन ठीकच होतं. कमी करायचं ते नेमकं काय, हे विचारायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही आणि पुढची दोन वर्षं मी उगाचच स्वतःच्या शरीरावर रागावून काढली.

गोळ्या चालू असेपर्यंत रक्तस्राव ठरल्या दिवशी व्हायचा. त्या बंद केल्या की पुन्हा पहिलेच पाढे. बारीक बायकांचंही इन्सुलिन बिघडलेलं असू शकतं हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनी उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन एकत्र तपासायला लावलं. साखर ९२, म्हणजे अगदी ठीक. इन्सुलिन मात्र १८. साखर जागेवर ठेवण्यासाठी शरीर इन्सुलिन ओतत होतं आणि साखरेचा रिपोर्ट बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नव्हता.

हे वाढलेलं इन्सुलिन अंडाशयात काय करतं ते या दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूकडून येणाऱ्या एलएच या संप्रेरकाच्या जोडीला इन्सुलिन आलं की अंडाशयातल्या ठरावीक पेशी जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतात. शिवाय यकृतात तयार होणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन इन्सुलिनमुळे कमी होतं. टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवायचं काम या प्रथिनाचं. ते घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन रक्तात वाढतं. केस, मुरुमं हा त्याचाच पसारा. अंडं पक्व व्हायची प्रक्रियाही मध्येच अडते आणि बीज बाहेर पडत नाही. मला मेटफॉर्मिन, म्हणजे इन्सुलिनचं काम सुधारणारी गोळी, सुरू झाली. पहिले पंधरा दिवस पोटाने फार छळलं. सावकाश विरघळणारी गोळी जेवणाबरोबर घ्यायला लागल्यावर निभलं.

याच काळात मी आपल्या मनाने एक चूक केली. सोळा तासांचा उपवास करायचं ठरवलं. सकाळी भूक नसायचीच, म्हणून नाश्ता सोडणं सोपं गेलं. दुपारी १ ते रात्री ९ एवढ्याच वेळात खायचं. आठ आठवडे हे नेटाने केलं. दुपारचं जेवण कामाच्या गडबडीत कसंबसं उरकायचं आणि रात्री मी भुकेने पिसाळल्यासारखी खायची. त्यातच पाळी ९० दिवसांच्या पुढे गेली. ती लांबली ती या उपवासामुळेच, असं मी म्हणणार नाही. आधीही ती लांबतच होती. पण ९० दिवस उलटून गेले की डॉक्टरांना कळवायचं, हे इथे मुद्दाम सांगते. गर्भाशयाचं अस्तर न गळता साचत राहिलं तर पुढे त्यात बिघाड होण्याचा धोका असतो. मला प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या गोळ्या देऊन पाळी आणावी लागली.

मॅडमनी मग आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. मी यादी तयार ठेवली होती: काय खाते, काय टाळते, गोड किती. त्यांनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. "दोन आठवडे फक्त वेळ लिहा. आणि प्रत्येक वेळी थोडं, मध्यम की पोटभर, एवढंच," असं सांगितलं. पंधरा दिवसांनी वही उघडली तेव्हा रात्री ८ च्या आधी 'पोटभर' हा शब्द फक्त दोनदा आला होता. दिवसाचं निम्म्याहून जास्त खाणं रात्री ९ ते ११ मध्ये. मी काय खाते याचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवला, आणि घड्याळाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यांनीच मला २०१३ सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. संशोधक डॅनिएला याकुबोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीसीओएस असलेल्या, वजन नेमस्त असलेल्या ६० स्त्रियांना ९० दिवस रोज साधारण १,८०० कॅलरींचा आहार दिला. एका गटाला सकाळी ९८० कॅलरी, दुपारी ६४०, रात्री १९०. दुसऱ्या गटाला सकाळी १९० आणि रात्री ९८०. एकूण खाणं तेवढंच, फक्त वाटणी उलटी. सकाळी भरपेट खाणाऱ्या गटात साखरेच्या चाचणीतला इन्सुलिनचा प्रतिसाद ५४ टक्क्यांनी उतरला, मोकळं टेस्टोस्टेरॉन निम्म्यावर आलं, एसएचबीजी दुपटीहून जास्त झालं आणि जास्त जणींचं बीज बाहेर पडलं. अभ्यास लहान आहे, आणि तो माझ्यासारख्या बारीक बायकांवरचा आहे. वजन जास्त असलेल्या मैत्रिणीला मी हे आकडे जसेच्या तसे सांगत नाही. पण तेच जेवण सकाळच्या मानाने रात्री साखर जास्त चढवतं, हे निरोगी माणसांतही दिसलेलं आहे. शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं, आणि रात्री झोपेची तयारी सुरू झाली की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढतं, तेव्हा इन्सुलिनचं काम मंदावतं. माझं मोठं जेवण नेमकं त्याच वेळी पोटात जात होतं.

मग मीही जेवणाची वाटणी उलटी करायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात मी थेट सकाळी भरपेट खाण्यापासून सुरुवात केली आणि सपशेल फसले. सकाळी ८ ला ताट समोर आलं की मळमळायचं. रात्री अकराला जेवलेल्या पोटाला सकाळी भूक लागणार कुठून? मग आहारतज्ज्ञांनी क्रम बदलला: आधी रात्र हलवायची, सकाळकडे बघायचंच नाही. दर आठवड्याला रात्रीचं जेवण अर्धा तास अलीकडे. साडेदहाचं दहा, दहाचं साडेनऊ, असं करत सातव्या आठवड्यात सव्वासातवर आलं. पाचव्या आठवड्यातच एका सकाळी मी भुकेने जागी झाले. शाळेनंतर मला असं झाल्याचं आठवत नाही. खरं सांगते, त्या दिवशी मला रडू आलं होतं.

सगळ्यात अवघड गेली ती संध्याकाळ ५ ची वेळ. तेव्हा काही न खाता घरी आले की सव्वासातचं जेवण दुप्पट व्हायचं. म्हणून पाचला प्रथिनं असलेलं थोडं काही खायचं ठरवलं आणि रात्रीचा डोंगर आपोआप उतरला. साडेनऊच्या सुमारास पुन्हा काहीतरी चघळावंसं वाटायचं. ती सवय मोडायला महिना लागला. लवकर झोपायला लागले तेव्हाच ती खरी मोडली, कारण जागरण झालं की दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ लागायची. घरात माझी वेळ वेगळी झाली. आईला ते खटकलं. "एकटी काय जेवतेस?" म्हणाली. मी जेवून घ्यायचे आणि मग सगळे बसले की त्यांच्याबरोबर पाणी घेऊन बसायचे. आता तीही साडेसातला जेवते.

रात्रीच्या १९० कॅलरी मला कधीच जमल्या नाहीत आणि मी तो हट्टही धरला नाही. सकाळी भरपूर, दुपारी पोटभर, रात्री दिवसाच्या पाव भागाएवढं, यावर मी थांबले. जेवण सरकलं तशी मेटफॉर्मिनची वेळही मॅडमना विचारून सरकवली. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की पीसीओएससाठी कोणताही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. त्यामुळे हाच उपाय, असं मी कुणाला सांगणार नाही. रात्रपाळी करणाऱ्या बाईला हे वेळापत्रक लागूच पडत नाही. आणि जिचं खाण्याशी नातं आधीच दुखरं आहे, तिने घड्याळ लावण्याआधी त्याबद्दल कुणाशी तरी बोलावं. पीसीओएसमध्ये खाण्याचे विकार जास्त आढळतात, आणि माझे ते उपवासाचे आठ आठवडे त्या वाटेवरचेच होते असं मला आज वाटतं.

मेटफॉर्मिनच्या पहिल्या चार महिन्यांत पाळी लांबतच राहिली. जेवणाच्या वेळा बदलल्यावर अंतरं अशी: ५२, ४४, ३८, ४१, ३५ दिवस. गोळीचा परिणाम किती आणि वेळेचा किती, हे वेगळं करून सांगायला माझ्याकडे साधन नाही. सहा महिन्यांनी उपाशीपोटीचं इन्सुलिन ११ आलं, एसएचबीजी २४ वरून ३८ वर गेलं. वजन फक्त ९०० ग्रॅमने उतरलं. पाळीच्या आठवडाभर आधी केलेल्या चाचणीत प्रोजेस्टेरॉन वाढलेलं दिसलं, म्हणजे त्या महिन्यात बीज बाहेर पडलं होतं. तो रिपोर्ट मी मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे.

हनुवटीवरचे केस मात्र अजून आहेत. एकदा राठ झालेला केस इन्सुलिन उतरलं म्हणून लगेच मऊ होत नाही, त्याला निदान सहा महिने तरी द्यावे लागतात, असं मॅडम म्हणाल्या. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे, आणि वहीत वेळा लिहिणं चालू आहे.