लिबरऑफिस सुरक्षित आहे का, असं ऑडिटरने विचारलं तर

लिबरऑफिस हा उघड्या कोडचा, मोफत ऑफिस-संच. पण "कोड सगळ्यांना दिसतो, म्हणून सुरक्षित" हे उत्तर ऑडिटरला देऊ नका. ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड दोष उघड्या कोडमध्ये दोन वर्षं पडून होता, सापडला 2014 मध्ये. बंद कोडची बाजूही काही भक्कम नाही म्हणा. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधला इक्वेशन एडिटर (गणिती सूत्रं लिहायचं साधन) 2000 सालच्या प्रोग्रामवर 2017 पर्यंत चालला, मग त्यात गंभीर दोष निघाला आणि 2018 च्या जानेवारीत तो काढूनच टाकावा लागला. उघडा कोड की बंद, या लायसन्सच्या वादात कोणी जिंकत नाही.

ऑडिटरला हवं असतं ते वेगळंच: दोष निघाला तर दुरुस्त कोण करतं, ती दुरुस्ती आपल्या मशीनपर्यंत किती दिवसांत येते, आणि वापरणाऱ्याच्या हातात काय काय उघडं ठेवलंय. पहिल्या प्रश्नाला लिबरऑफिसकडे चांगलं उत्तर आहे. त्यामागची संस्था, डॉक्युमेंट फाउंडेशन, सुरक्षा-सूचनांची यादी जाहीर ठेवतं, त्यात प्रत्येक दोषाचा सीव्हीई क्रमांक (दोष ओळखायचा जगभर चालणारा क्रमांक) आणि दुरुस्त आवृत्ती असते. ही यादी सरळ अहवालाला जोडा.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र बहुतेक कार्यालयं अडकतात. विंडोजवर नवी आवृत्ती आल्याची सूचना दिसते, पण ॲडमिन हक्क नसलेला कर्मचारी ती बंद करून कामाला लागतो. मुख्य आवृत्त्या फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येतात, एका शाखेला, म्हणजे एका मुख्य आवृत्तीला, साधारण नऊ महिने दुरुस्त्या मिळतात. म्हणजे एकदा बसवून विसरलेलं लिबरऑफिस वर्षभरात उघडं पडतं. एमएसआय फाइल (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्या मशीनना एकाच जागेवरून सेटिंग देणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, किंवा तुमच्या नेहमीच्या साधनातून सगळीकडे ढकला. त्याआधी पॉवरशेलच्या गेट-फाइलहॅश आज्ञेने फाइलचा एसएचए-256 (फाइल बदलली की बदलणारा ठसा-आकडा) काढून डाउनलोड पानावरच्या आकड्याशी ताडून पाहा. डाउनलोड बऱ्याचदा मिरर सर्व्हरवरून, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरवरच्या प्रतीतून येतं, म्हणून ही पायरी गाळू नका.

तिसरा प्रश्न मॅक्रोंचा, म्हणजे दस्तऐवजात दडलेल्या छोट्या प्रोग्रामांचा. टूल्स, ऑप्शन्स, सिक्युरिटी, मॅक्रो सिक्युरिटी इथे चार पातळ्या आहेत. मुळात "हाय" असते, तिच्यात विश्वासू डिजिटल सहीचे किंवा विश्वासू फोल्डरमधलेच मॅक्रो चालतात. "व्हेरी हाय" केली की सहीसुद्धा चालत नाही, फक्त फोल्डर. हिशेब विभागाची जुनी एक्सेल फाइल अडली की कोणीतरी पातळी "मीडियम"वर आणतो आणि तिथेच ठेवतो. म्हणून रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग-साठ्याच्या) पॉलिसीजमध्ये मॅक्रो-पातळीची व्हॅल्यू 3, म्हणजे "व्हेरी हाय", आणि फायनल 1 करा, मग वापरणाऱ्याला ती बदलता येत नाही. विश्वासू फोल्डर सर्व्हरवर, सर्वांना फक्त वाचण्यापुरता ठेवा. डाउनलोड्स फोल्डर त्या यादीत टाकला तर सगळी मेहनत पाण्यात.

पातळी वाढवली म्हणून अपडेट टाळता येत नाही. सीव्हीई-2018-16858 मध्ये दस्तऐवजातल्या लिंकवर नुसता माउस नेला तरी मशीनवरची पायथन स्क्रिप्ट चालवता येत होती, मॅक्रोचा इशारा न दिसता. दुरुस्ती 6.0.7 आणि 6.1.3 मध्ये आली. त्याहून जुनी आवृत्ती असलेल्यांना सेटिंगने वाचवलं नसतं.

आणखी दोन छोट्या गोष्टी. सिक्युरिटीच्याच पानावर, विश्वासू ठिकाणांबाहेरच्या दस्तऐवजांतल्या लिंक रोखणारा पर्याय आहे, तो चालू करा, नाहीतर फाइल उघडताच बाहेरच्या सर्व्हरवरचं चित्र मागवलं जातं आणि फाइल उघडल्याची खबर तिकडे पोहोचते. बेस, म्हणजे लिबरऑफिसचा डेटाबेस प्रोग्राम, वापरात नसेल तर ॲडव्हान्स्डमधली जावाची खूणही काढा. काही विझार्ड आणि एक्स्टेन्शन जावा मागतात, म्हणून आधी एका मशीनवर तपासा.

जाता जाता, मशीनांच्या यादीत "ओपनऑफिस" दिसलं तर ते लिबरऑफिस समजून सोडू नका. दोन्ही प्रकल्प 2010 मध्ये वेगळे झाले. अपाची ओपनऑफिसची 4.1 शाखा 2014 पासून चालू आहे आणि तिला अधूनमधून दुरुस्त्याच मिळतात. माझ्या मते ते काढून लिबरऑफिस बसवावं, आणि तेवढं होईपर्यंत अहवालात त्याची नोंद वेगळ्या ओळीत करावी.